प्रशिक्षक बदलले, पण गोल कोण करणार?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

2027 च्या आशिया चषकासाठी भारतीय फुटबॉल संघ पात्र ठरला नाही, पण त्याचा दोष नेमका कोणाला द्यायचा हा वाद आपल्या सोलापूर शहरातील फुटबॉलप्रेमींमध्ये अजून शमलेला नाही. पार्क स्टेडियमच्या परिसरात संध्याकाळी जमणाऱ्या तरुणांमध्ये तर सरळ दोन तट पडले आहेत. एका तटाच्या मते राष्ट्रीय प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांची हकालपट्टी योग्यच होती, त्यांच्यानंतर आलेल्या मानोलो मार्केझ यांना निरोप द्यायला उशीरच झाला आणि आता खालिद जमील यांनीही पद सोडावे. दुसरा तट म्हणतो की आपल्या खेळाडूंमध्येच धमक नाही, कोणीही प्रशिक्षक आला तरी फरक पडणार नाही. शाळेतील मुलांना अनेक वर्षे फुटबॉल शिकवल्यामुळे या वादात मला गप्प बसवत नाही. माझ्या मते प्रशिक्षकांच्या पदरात त्यांचा दोष मोजून टाकावा, पण गोल करणारा भारतीय खेळाडू तयार न होणे हा सर्वांत मोठा दोष अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा आणि क्लबांचा आहे, आणि प्रशिक्षक बदलण्याच्या धामधुमीत नेमका तोच दर वेळी नजरेआड होतो.

वादाचे मूळ स्टिमॅच यांच्या हकालपट्टीत आहे, म्हणून आधी त्यांच्याविषयी. त्यांची बाजू घेणारे दोहाच्या सामन्याचा दाखला देतात. 11 जून 2024 रोजी कतारविरुद्ध लालियनझुआला छांगटेच्या गोलमुळे भारत आघाडीवर होता. मग रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारने बरोबरी साधली, पंचांनी तो गोल मान्य केला आणि अखेर 1-2 अशा पराभवाने विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी हुकली. तो गोल द्यायलाच नको होता, हे मलाही मान्य आहे. तरीही त्या गटाचा गुणतक्ता एकदा उघडून पाहावा. कुवेत 7 गुणांसह दुसरा आला, भारत 5 गुणांवर राहिला. इतर निकाल तसेच धरले, तर दोहात बरोबरी टिकूनही आपण 6 गुणांवरच थांबलो असतो. याउलट 26 मार्चला गुवाहाटीत अफगाणिस्तानला हरवले असते, तर दोहाचा अन्याय सोसूनही 8 गुणांसह पुढच्या फेरीत गेलो असतो. अफगाण संघातील अनेक प्रमुख खेळाडूंनी स्वतःच्या महासंघाशी असलेल्या वादातून संघावर बहिष्कार टाकलेला होता आणि सुनील छेत्रीने आपल्या 150 व्या सामन्यात पेनल्टीवर गोल करून भारताला आघाडीही मिळवून दिली होती. अशा स्थितीतून घरच्या मैदानावर शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत दोन गोल खाऊन हरणे, याची जबाबदारी प्रशिक्षकावर येते. तिथे पंचांकडे बोट दाखवता येत नाही.

पण त्याच स्टिमॅच यांच्या काळात 2023 साली भारताने इंटरकॉन्टिनेन्टल चषक आणि दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकली होती आणि जुलै 2023 मध्ये संघ फिफा क्रमवारीत 99 व्या स्थानी पोहोचला होता. त्या आनंदाच्या भरात ऑक्टोबर 2023 मध्ये महासंघाने त्यांचा करार जून 2026 पर्यंत वाढवला. जानेवारी 2024 च्या आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांविरुद्ध आपला पराभव झाला आणि आपल्याला एकही गोल करता आला नाही. जूनमध्ये त्यांना काढले आणि पुढे तडजोडीत सुमारे 4 लाख डॉलर भरपाई द्यावी लागल्याच्या बातम्या आल्या. देशातील फुटबॉलसाठी असलेला हा पैसा होता. करारावर प्रशिक्षकाची एकट्याची सही नसते. ज्यांनी ती मुदत दिली, त्यांचीही जबाबदारी तितकीच आहे.

मार्केझ यांच्या बाबतीत तर महासंघाची जबाबदारी अधिकच स्पष्ट आहे. एफसी गोवाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे असतानाच जुलै 2024 मध्ये त्यांना राष्ट्रीय संघ सोपवला गेला आणि पूर्ण मोसम त्यांनी दोन्ही जबाबदाऱ्या सांभाळल्या. आठ सामन्यांत एकच विजय मिळाला, तोही मालदीवविरुद्ध, आणि त्यासाठीही निवृत्त झालेल्या छेत्रीला परत बोलवावे लागले. 10 जून 2025 रोजी हाँगकाँगने भरपाई वेळेतील पेनल्टीवर आपल्याला हरवले, त्यानंतर महिनाभरातच ते गेले. त्यांना दोष देणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की अर्धवेळ प्रशिक्षक पुरेसा आहे हे कोणी ठरवले होते?

खालिद जमील मुंबईच्या फुटबॉलमध्ये मुरलेले प्रशिक्षक आहेत आणि 2017 मध्ये त्यांनी आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग या राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. ऑगस्ट 2025 मध्ये त्यांनी सूत्रे घेतली, तेव्हा इंडियन सुपर लीग या देशातील अव्वल लीगचा नवा मोसम महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातील करार न झाल्याने अधांतरी होता. कोलकात्याच्या मोहन बागान क्लबने आपले खेळाडू पहिल्या शिबिरासाठी सोडले नाहीत. लीगचे सामने सुरू नसताना खेळाडूंच्या पायात सामन्याचा सराव कुठून येणार? ऑक्टोबरमध्ये फातोर्डा येथे सिंगापूरने 2-1 असे हरवल्यावर आशिया चषकाचे दार बंद झाले आणि नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही 0-1 अशी हार पत्करावी लागली. सिंगापूरविरुद्ध आघाडी मिळूनही ती टिकली नाही, ही उणीव जमील यांच्या नावावर लिहावी लागेल. त्यापलीकडचा भार त्यांच्या खांद्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

आता तिन्ही प्रशिक्षकांचे आकडे एकत्र मांडून पाहू. विश्वचषक पात्रतेचे सहा सामने, 2024 च्या आशिया चषकातील तीन आणि 2027 साठीच्या पात्रता गटातील ढाक्यापर्यंतचे पाच, असे चौदा सामने होतात. या चौदा सामन्यांत भारताने एकूण पाच गोल केले, त्यांतही एक पेनल्टीवर. तिघांची खेळाची पद्धत वेगवेगळी, स्वभाव वेगवेगळे, एक क्रोएशियाचा, एक स्पेनचा, एक आपला. तरी दुष्काळ एकच. मग कारण प्रशिक्षकांच्या बाकाबाहेर शोधायला हवे. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाल्यापासून 2024-25 पर्यंत एकाही मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याचा गोल्डन बूट भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. 2024-25 मध्ये भारतीयांत सर्वाधिक, 14 गोल करणारा खेळाडू चाळिशीतला छेत्री होता. एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येतात आणि बहुतेक क्लब त्यांतील निदान एक जागा स्ट्रायकरसाठी, म्हणजे गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूसाठी, राखतात. त्यामुळे आपली तरुण मुले बगलेवर खेळतात, बदली म्हणून शेवटची दहा-पंधरा मिनिटे उतरतात, आणि देशासाठी खेळताना मात्र त्यांच्याकडून गोलपुढे निर्विकार राहून चेंडू जाळ्यात धाडण्याची अपेक्षा आपण करतो. हाँगकाँगमध्ये आशिक कुरुनियनने सोपी संधी दवडली तेव्हा त्याला वाट्टेल ते बोलणाऱ्या आपल्या तरुणांनी हे लक्षात घ्यावे. मैदानावरील चुकीवर टीका जरूर व्हावी, पण खेळाडूला आणि त्याच्या घरच्यांना शिव्या देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

क्लबांच्या पातळीवरही हेच दिसते. केरळ ब्लास्टर्सला इव्हान वुकोमानोविच यांनी सलग तीन मोसम प्ले-ऑफमध्ये नेले, पण विजेतेपद मिळाले नाही म्हणून एप्रिल 2024 मध्ये त्यांच्याशी फारकत झाली. त्यांच्या जागी आलेल्या प्रशिक्षकाला डिसेंबरमध्येच काढले गेले आणि तो मोसम आठव्या स्थानावर संपला.

आपल्याच इतिहासात याहून वेगळे वागल्याचे उदाहरण आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला 10-1 असे हरवले. आजच्या मोजमापाने तेव्हाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांची त्याच रात्री हकालपट्टी झाली असती. तेव्हाच्या महासंघाने रहीम यांना कायम ठेवले आणि अनवाणी खेळणे बंद करून बूट सक्तीचे केले, म्हणजे जी उणीव उघडी पडली तिलाच हात घातला. चार वर्षांनी मेलबर्नमध्ये तोच प्रशिक्षक संघाला चौथ्या स्थानापर्यंत घेऊन गेला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले आणि 1962 मध्ये जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदकही मिळाले.

आज उघडी पडलेली उणीव स्ट्रायकरची आहे आणि तिची सुरुवात आपल्यासारख्या जिल्ह्यांत होते. 15 सप्टेंबर 2017 रोजी राज्य सरकारने दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावे असा उपक्रम केला होता आणि त्यासाठी शाळाशाळांत चेंडू वाटले गेले. मुलांचा तेव्हाचा उत्साह मला आजही आठवतो. पण चेंडू आले, सामने आले नाहीत. शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. पहिल्याच सामन्यात हरलेल्या शाळेचा मुलगा पुढच्या पावसाळ्यापर्यंत स्पर्धात्मक सामन्याला मुकतो. गोल करण्याची सवय सामन्यातूनच लागते, कवायतीतून नाही. ज्या मुलाला वर्षातून एक-दोन सामने मिळतात, तो कोल्हापूरच्या पेठांत मोसमभर सामने पाहत आणि खेळत वाढणाऱ्या मुलाची बरोबरी कशी करणार? आणि कोल्हापूरचा मुलगाही पुढे क्लबात गेल्यावर पुन्हा बाकावरच बसणार असेल, तर राष्ट्रीय प्रशिक्षकाने कोणाला निवडायचे?

म्हणून जमील यांना काढण्याची मागणी करणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे, की त्याऐवजी प्रत्येक क्लबने सामन्यात किमान एक भारतीय स्ट्रायकर सुरुवातीपासून खेळवावा, असा नियम महासंघाकडे मागावा आणि प्रशिक्षकाच्या करारातील मुदत व भरपाईच्या अटी नेमणुकीच्या वेळीच जाहीर कराव्यात असा आग्रह धरावा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने येत्या मोसमापासून 14 आणि 17 वर्षांखालील गटांचे सामने बाद पद्धतीऐवजी साखळी पद्धतीने घ्यावेत, जेणेकरून प्रत्येक शाळेला निदान सहा-सात सामने मिळतील. मैदान आणि पंच यांची जुळवाजुळव करायला शहरातील निवृत्त क्रीडाशिक्षक विनामूल्य मदत करतील. त्यांत मी स्वतः आहे, आणि माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांनीही तशी तयारी दाखवली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
रेल्वे लाईन्स, सोलापूर