चिऊ, एकदा इको करून घे

चिऊ,

व्हॉट्सअ‍ॅपवरच टाइप करत होते पण फार लांबत चाललं म्हणून मेल करतेय. वाचून लगेच फोन करू नकोस, पाच ते सात माझा शिवणक्लास असतो आणि बायका कान टवकारून ऐकत बसतात.

मागच्या बुधवारी पप्पांनी मला गंगापूर रोडला हार्टच्या डॉक्टरांकडे नेलंच. ती धडधड, जिला मी दोन वर्षं अ‍ॅसिडिटी म्हणत होते. त्यांनी स्टेथोस्कोप लावून ऐकलं, मग उभं केलं, उकिडवं बसवलं, परत उभं केलं, मला वाटलं आता सूर्यनमस्कार पण घालायला लावतात की काय, तर म्हणे ठोक्याच्या मधेच बारीक 'टिक्' येतंय. लगेच टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मायट्रल व्हॉल्व प्रोलॅप्स निघालं, म्हणजे हृदयातली एक झडप सैल, लिकेज अगदी थोडं. गोळी नाही, फक्त तीन वर्षांनी परत इको. शंभरात दोन-तीन जणांना असतं म्हणे आणि बहुतेकांना जन्मभर काही होत नाही, त्यामुळे रडायला लागू नकोस.

डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं पण मला ते माझ्या भाषेत कळलं. त्या व्हॉल्वला दोन पदर असतात, खालून बारीक दोऱ्यांनी बांधलेले. गॅलरीत चादर वाळत घातली की चिमटे लावूनही वाऱ्याने कशी मागे फुगते, तसे माझे पदर प्रत्येक ठोक्याला वरच्या कप्प्यात फुगतात. कापड जरा जास्त ताणलं जाणारं आहे, एवढंच.

पण मग ते म्हणाले, अंगठा मनगटाला लागतो का? मी हसलेच. लावून दाखवला. करंगळी मागे ९० च्या पुढे, कोपर उलटं, गुडघे उलटे, आणि गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकतात का. नऊ मार्कांची परीक्षा, बायटन स्कोर म्हणतात. मोठ्या माणसांना पाच पडले की सांधे सैल, पन्नाशीनंतर चारच पुरतात. मला ५२ व्या वर्षी सात! सांधे, कातडी, रक्तवाहिन्या, व्हॉल्व, सगळ्यात कोलॅजन नावाचं प्रोटीन असतं, म्हणजे सगळं अंग एकाच ताग्यातून बेतलेलं, मग ढिलाई एकाच ठिकाणी कशी राहील.

आणि मला तू आठवलीस. पाहुणे आले की आजी, मी आणि तू तिघी ओळीत बसून अंगठे वाकवून दाखवायचो. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर आठवीत तुझा घोटा मुरगळला, उतरताना परत मुरगळला, आणि खाली येऊन तू डोळ्यापुढे अंधारी येते म्हणून बसलीस तेव्हा मी काय म्हणाले ते तुला नक्की आठवत असेल. 'नाटकं बंद कर.' शाळेत प्रार्थनेला उभी राहून चक्कर यायची तेव्हा पण नाश्ता करत नाहीस म्हणून तुलाच ओरडले. सैल सांध्यांच्या मुलींमधे हे खूप दिसतं म्हणे, उभं राहिलं की रक्त पायात साचतं आणि नाडी पळायला लागते. आडवी असताना नाडी मोज, मग दहा मिनिटं उभी राहून मोज, तीस किंवा जास्त वाढली तर डॉक्टरांना सांगायचं. माझं चुकलं गं. मला पण लहानपणी सगळे 'मुलुखाची नाजूक' म्हणायचे आणि मी तेच तुला दिलं.

आता मुद्द्याचं. नुसते सांधे सैल असणं हा काही आजार नाही, निम्म्या नाचणाऱ्या पोरी तशाच असतील. पण डॉक्टरांनी विचारलं घरात कोणी अचानक गेलंय का, आणि मला माझे धाकटे मामा आठवले. उंच, लांब बोटांचे, चाळिशीत गेले, हार्ट अटॅक म्हणून सगळ्यांनी विषय संपवला. मार्फान म्हणून एक आनुवंशिक आजार असतो, त्यात हृदयातून निघणारी मोठी नळी, अओर्टा, मुळाशी रुंद होत जाते आणि माणसाला काही कळत नाही. एलर्स-डॅनलॉस म्हणून सैल सांध्यांचा आनुवंशिक आजार असतो, त्याच्या एका प्रकारात रक्तवाहिन्याच नाजूक असतात. माझी नळी नॉर्मल आहे. तुझी पण असेल, पण मोजलेली बरी. रिपोर्टमधे अओर्टिक रूटचा, म्हणजे त्या नळीच्या मुळाचा, आकडा बघ, नुसतं 'नॉर्मल' लिहून देतात त्यावर खूश होऊ नकोस.

आणि ते पोट बिघडलं की मेडिकलमधून सिप्रो, म्हणजे ती सिप्रोफ्लॉक्सासिन अँटिबायोटिक, आणून खायचं बंद. अशा रुंद किंवा नाजूक नळीवाल्यांना फ्लॉक्सासिनवाल्या गोळ्या धोक्याच्या, अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मधेच सांगितलंय. रिपोर्ट येईपर्यंत तरी कुठल्याही डॉक्टरला आधी घरचं सगळं सांग, मामांसकट.

शुक्रवारची एसटी पकड, द्वारका चौकात उतर, पप्पा येतील घ्यायला. शनिवारी अकराची वेळ घेतलीये. इकोला उपाशी राहावं लागत नाही, म्हणजे मिसळ खाऊनच जाऊ. आणि त्या चपट्या चपला घालून येऊ नकोस, घोट्याला पकड देणारे बूट घाल.

आई