केबल सगळ्यात शेवटी

प्रिय सुन्या,

तुझं पत्र मिळालं. गाडीचा हँडब्रेक पार वरपर्यंत ओढावा लागतो, ब्रेकचं पेडलही खोल जातं, आणि तू निघालास हँडब्रेकची केबल आवळायला! थांब जरा. केबल ताणलीस की हँडब्रेक लवकर धरेल हे खरं, पण पेडल आहे तिथंच राहील. शिवाय ताणलेली केबल शूंना (मागच्या चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला, म्हणजे डब्याला, आतून घासून थांबवणाऱ्या पट्ट्यांना) पूर्ण मागे येऊ देत नाही, मग शू-ड्रममधलं अंतर आपोआप राखणारा आतला ॲडजस्टरही काम सोडतो. नुसती केबल आवळून गाडी परत देणाऱ्या मेकॅनिकांचा मला रागच येतो.

पुढच्या चाकांना ठोकळे, मागे जॅक आणि खाली स्टँड. नुसत्या जॅकवर भरवसा नको. हँडब्रेक सोडलेला हवा. मग मागचं चाक काढ, म्हणजे ड्रम दिसेल.

ड्रम निघेना तर हातोड्याने बदडू नकोस. त्याच्या तोंडावर बहुधा आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत बसणारे बोल्ट आलटूनपालटून थोडे थोडे फिरव, ड्रम स्वतःच बाहेर सरकतो. तरी अडला तर समज, ड्रमच्या आतली, झिजून उभी राहिलेली कड शूवर अडकलीय. ॲडजस्टर सैल करावा लागेल. आतली काळी धूळ फुंकू नकोस बाबा! शूच्या जुन्या लायनिंगमध्ये (घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असायचं. ब्रेक क्लीनरने भिजवून पूस.

मग व्हील सिलेंडरचं (पेडल दाबल्यावर शू बाहेर ढकलतो तो) रबर नखाने हळूच उचलून बघ. आत ओल दिसली तर बाकी सगळं राहू दे, आधी सिलेंडर. ब्रेकचं तेल प्यायलेले शू धुऊन भागत नाही, आणि बदलायचे तर दोन्ही चाकांचे. उघडताना मात्र एका वेळी एकच बाजू, म्हणजे स्प्रिंग कुठली कुठे हे दुसरीकडे बघता येतं. डाव्या-उजव्या ॲडजस्टरचे आटे बहुतेक उलटे असतात. अदलाबदल झाली तर शू ड्रमच्या जवळ येण्याऐवजी लांब जातात.

आता मुख्य काम. ड्रम आणि चाक परत बसव, बॅक प्लेटच्या (ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्याच्या) भोकातलं रबरी बूच काढ आणि स्क्रू ड्रायव्हरने ॲडजस्टरचं दातेरी चाक एकेक दाता फिरव. (काही गाड्यांना हे भोकच नसतं, तिथं ड्रम काढूनच जुळवायचं.) गाडीचं चाक हाताने हलेनासं झालं की पेडल एकदोनदा दाब, शू मधोमध बसतात. ड्रम बाहेर असताना पेडलला चुकूनही पाय लावू नकोस, सिलेंडरचे पिस्टन बाहेर येतील. मग दाते मागे घे. त्यासाठी दातेरी चाकाला अडवणारी आतली पट्टी दुसऱ्या बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचलून धरावी लागते, नाहीतर दाते खाल्ले जातात. चाक मोकळं फिरतंय, पण कुठंतरी बारीक घासल्याचा आवाज येतोय, तिथं थांब.

दोन्ही बाजू झाल्या की हँडब्रेक ओढून बघ. किती ‘टिक’ आवाजांनंतर धरायला हवा ते गाडीच्या पुस्तकात आहे. बहुतेक वेळा केबलला हातच लावावा लागत नाही.

रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून ये. एकच ड्रम जास्त तापला तर त्या बाजूला एकदोन दाते आणखी सोड. शू काढायचीच वेळ आली तर कळव, स्प्रिंगा चढवताना दुसरा हात लागतो.

तुझा,
अवि