फोटोतली गाडी जळून गेली आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारसायकलींवरचा लेख वाचला. जर्मन इंजिनिअर डाइमलरच्या १८८५ सालच्या लाकडी गाडीचा फोटो आहे आणि खाली ओळ, ‘जगातली पहिली मोटारसायकल, आजही जशीच्या तशी’. ती गाडी १९०३ साली जर्मनीतल्या कानश्टाटच्या डाइमलर कारखान्याला आग लागली त्यात गेली. आज दिसतात त्या प्रतिकृती.

अस्सल जुनी बघायची तर हिल्डेब्रांट-वोल्फम्युलर, म्युनिक, १८९४. कारखान्यात तयार करून विकलेली ही पहिली मोटारसायकल. मुलगा तिकडे नोकरीला असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये ती पाहिली. घरातली मंडळी विमानं बघायला पुढे गेली, मी तिथेच खिळलो.

कारण मी दौंडच्या लोकोशेडमधला, म्हणजे रेल्वे इंजिनं दुरुस्त करायच्या शेडमधला फिटर. या गाडीला चाक फिरवायला चेन नाही, पट्टा नाही. आडव्या सिलिंडरांतून निघालेले दोन लांब रॉड थेट मागच्या चाकाच्या क्रँकला. अरे, हे तर आमचंच वाफेचं इंजिन! हिल्डेब्रांट बंधू आधी वाफेच्या कामातलेच होते, वाफेवरची सायकलही त्यांनी करून पाहिली होती. तेव्हा ‘सायकलला इंजिन बसवलं की झाली मोटारसायकल’ हे लेखातलं वाक्य मला पटलं नाही.

आमच्या इंजिनात वाफ पिस्टनला दोन्हीकडून रेटायची. दोन बाजूंचे क्रँकही काटकोनात, एक बाजू डेड सेंटरला, म्हणजे रॉड आणि क्रँक एका रेषेत येऊन, अडली तरी दुसरी ओढून न्यायची. पेट्रोलचं तसं नाही. चार स्ट्रोकांत एकदाच जोर, बाकी तीन फुकट. म्हणून या पठ्ठ्यांनी पिस्टन परत आणायला बाहेरून जाड रबरी पट्टे लावले. वेगळं फ्लायव्हील, म्हणजे इंजिन फिरतं ठेवणारं जड चाक, नाहीच, मागचं भरीव चाकच ते काम करतं. मागचा मडगार्ड म्हणजे इंजिन थंड ठेवायची पाण्याची टाकी! एवढं करून १४८८ सीसीतून ताकद निघते अडीच हॉर्सपॉवर. आपली जुनी बुलेट साडेतीनशे सीसीत अठरा द्यायची.

क्लचही नाही. ढकलत पळायचं, धडधडली की उडी मारून बसायचं. गाडी थांबली की इंजिन बंद, पुन्हा पळा. ठिणगीऐवजी बर्नरने तापवलेली प्लॅटिनमची नळी, म्हणजे पेट्रोलच्या शेजारी कायमचा जाळ. गिऱ्हाइकं वैतागली आणि थोड्याच वर्षांत कंपनी बसली.

रॉडच्या टोकाशी वाकून बघताना बुशला, म्हणजे टोकातल्या कडीला, किती खेळ आहे ते चाचपायला माझा हात आपोआप पुढे गेला. पहारेकऱ्याने खाकरून बोट हलवलं. आमच्या शेडमधला फोरमन असाच खाकरायचा.

फोटोखालची ओळ तेवढी दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रेल्वे फिटर, दौंड