आवाहन : स्वमग्न मुलांच्या वर्गासाठी

स. न. वि. वि.

मारुती मंदिरामागचा आपल्या मंडळाचा स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचा वर्ग आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेल गिरणीच्या शेठजींनी खोली दिली, भाड्याचा विषय आजवर काढला नाही. सुतारआळीच्या अण्णांनी मजुरी न घेता टेबलांना कप्पे करून दिले, वर "पट्टी बोटभर सरकवू का?" म्हणत पुन्हा पुन्हा डोकावून गेले. भगिनी मंडळाने भिशीच्या पैशांतून लॅमिनेशन मशीन घेऊन दिले. या सगळ्यांचे ऋण मंडळ विसरणार नाही.

"चित्रे चिकटवायला पैसे कशाला लागतात?" असे गेल्या वर्षी ऐकावे लागले, म्हणून थोडे सविस्तर. आपल्या बऱ्याच मुलांना तोंडी सांगितलेले धरून ठेवणे जड जाते, डोळ्यांपुढे राहिलेले कळते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांच्या कामातून उभा राहिलेला, १९७२ पासून त्या राज्यात चालणारा 'टीच' कार्यक्रम याच पायावर आहे. आपल्या बाई वर्ग तसाच मांडतात. डाव्या टोपलीत करायचे काम, उजव्या टोपलीत झालेले. किती आहे, कधी संपेल आणि मग काय, हे मुलाला कुणाला विचारावे लागत नाही.

उदबत्तीच्या पुड्यांची फळी एकदा येऊन पाहा. तिला १० खाचा आहेत, एकेका खाचेत एकेक काडी, खाचा भरल्या की पुडा बांधायचा. दहापर्यंत मोजता न येणारा मुलगाही पुडा बिनचूक भरतो. डब्याच्या चटईवर ताटली, पेला, चमचा यांच्या आकृत्या आखल्या आहेत, त्यामुळे मांडामांड मुलेच करतात. हात धुण्याचे फोटो आपल्याच नळाचे आणि आपल्याच साबणाचे आहेत, पुस्तकातला गुलाबी साबण इथे चालत नाही!

हे एकदा करून भागत नाही. कुणाला फोटो लागतो, कुणाला लिहिलेला शब्द पुरतो, कुणाच्या हातात वस्तूच द्यावी लागते. पावसाळ्यात लॅमिनेशन सुटते, रोजच्या काढघालीने वेल्क्रो धरेनासे होते. फोटो बाई पदरच्या पैशांनी छापून आणतात, हे मंडळाला शोभत नाही.

गेल्या दिवाळीत मोबाइलवर जोडलेले हात भरपूर आले, पावत्या मात्र मोजक्याच फाटल्या. मांडवाची वर्गणी एका संध्याकाळी जमते, हेही आपण पाहतोच. असो.

हवे ते असे : रंगीत प्रिंटर व शाई, ए-४ लॅमिनेशन पाउच, वेल्क्रो, झाकणाचे पारदर्शक डबे, टोपल्या, दोन बुटके पडदे. वस्तू किंवा मंडळाच्या नावे धनादेश, दोन्ही चालेल. कार्यालय ११ ते ५, रविवार बंद, पावती लगेच. सारे जूनपूर्वी हवे. जुने प्रिंटर चालू असतील तरच आणावेत. वाढदिवसाचा खाऊ आणणाऱ्यांनी आदल्या दिवशी बाईंना कळवावे, म्हणजे मुलांच्या दिनक्रमाच्या तक्त्यावर 'पाहुणे' हे चित्र सकाळीच लावता येईल.

आपला,
चिटणीस