हँग होणाऱ्या कॉम्प्युटरपायी ज्यांचं डोकं खाल्लं त्या ताईंना

ताई,

मेसेजवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही नुसता अंगठा पाठवलात आणि विषय संपवलात. माझं काही त्यात समाधान झालं नाही, म्हणून आता सगळ्यांना दिसेल असं लिहितोय. शिवाय घरचा कॉम्प्युटर हँग होतोय म्हणून वैतागलेले लोक आपल्या आजूबाजूला काय कमी आहेत का, त्यातल्या एखाद्याच्या तरी कामी येईल.

तुमच्याकडे येईपर्यंत मला सल्ल्यांची काही कमी नव्हती. कोणी म्हणालं फॉरमॅट मार, कोणी म्हणालं रॅम वाढव, कोणी म्हणालं एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, गेली, नवी टाक आणि मोकळा हो. एकाने तर रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची साफसफाई करणारं सॉफ्टवेअर, पाठवला (असल्या क्लीनरांनी कोणाचं भलं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही). तुम्ही मात्र उपाय सांगायच्या आधी म्हणालात, "फोटो, कागदपत्रं, जे महत्त्वाचं असेल ते आधी दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी कर, मग बोलू." चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं टूल, चालवू का विचारलं तर सरळ नाही म्हणालात, कारण डिस्क खरंच मरायला टेकली असेल तर त्यातलं सगळी डिस्क घासून वाचणारं स्कॅन तिला अजूनच खाली नेतं, बॅकअप झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

मग तुमचे प्रश्न सुरू झाले. हँग होतो म्हणजे नक्की काय होतं, माऊस हलतो का, कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डवरचा दिवा लागतो का, गाणं चालू असेल तर ते चालू राहतं की घर्रर्र करून अडकतं. मला वाटलं ही बाई टाइमपास करतेय की काय, खरंच सांगतो. पण आमच्याकडे माऊस हलत होता, दिवा लागत होता, गाणंही थोडा वेळ वाजत राहायचं, फक्त नवीन काही उघडायला गेलं की सगळं ठप्प आणि अर्धा-एक मिनिटाने आपोआप सुरळीत, कधीकधी तर तेही नाही, पॉवर बटण दाबून धरूनच बंद करावा लागायचा. एवढ्यावरून तुम्ही म्हणालात की प्रोसेसर जिवंत आहे, विंडोजही पूर्ण गोठलेलं नाही, ते कशाची तरी वाट बघत बसलंय, बहुतेक डिस्कची. माऊस आणि दिवा दोन्ही मेले असते तर तुम्ही रॅम, पॉवर सप्लाय, ग्राफिक्सचा ड्रायव्हर या बाजूने गेला असता.

टास्क मॅनेजर, म्हणजे कोण किती काम करतंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, आधीच उघडून ठेवायचा हे पण किती साधं, पण मला कुठे सुचलं होतं. हँग झाल्यावर तो उघडतच नाही ना! उघडा ठेवला तेव्हा दिसलं की डिस्क 100 टक्के बिझी आणि वाचायचा-लिहायचा स्पीड शून्य. काम शंभर टक्के आणि उत्पन्न शून्य, असं काय असतं बरं.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, मला लाल रंगात कर्नल-पॉवर 41 नंबरचे एरर ढिगाने दिसले आणि मी तेच तुम्हाला पाठवत बसलो. तुम्ही म्हणालात ते सोड, मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडली एवढंच तो 41 सांगतो, तू बटण दाबून बंद करतोस म्हणून तो येतो, तो परिणाम आहे, कारण नाही. खाली जाऊन पिवळ्या रंगातले 129 आणि 153 शोध. आणि होते की! हँग झाल्याच्या वेळेला वेळ जुळवून बघितली तर 129, म्हणजे डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने तिला रीसेट मारला, आणि 153, म्हणजे वाचायचं-लिहायचं काम परत करावं लागलं. सगळे लालकडे बघतात आणि खरी भानगड पिवळ्यात, हे मी आता भेटेल त्याला सांगत सुटलोय.

इथे माझ्यासारखा कोणीही म्हणाला असता की ठरलं, एसएसडीच गेली. तुम्ही क्रिस्टलडिस्कइन्फोचा, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, स्क्रीनशॉट मागवलात. खराब सेक्टरच्या, म्हणजे डिस्कच्या बिघडलेल्या भागांच्या, रांगा, 05 आणि सी5, दोन्ही शून्य. वाढलेला होता तो सी7, यूडीएमए सीआरसी एरर काउंट. तो आकडा हेक्समध्ये, म्हणजे अंकांसोबत अक्षरंही वापरणाऱ्या पद्धतीत, दिसतो, मध्येच ए नाहीतर एफ डोकावतो, नवखा माणूस दचकेलच, पण सेटिंगमधून साधे आकडे करता येतात. हा सी7 तुम्ही फोनवर समजावलात ते मला फार आवडलं, की डिस्क आणि मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड) एकमेकांना डेटा देताना सोबत एक हिशोब पाठवतात, पोचल्यावर तो जुळला नाही तर डेटा परत मागतात, खरखरणाऱ्या फोनवर आपण "काय? परत सांग" करतो तसं. म्हणजे डिस्कच्या आत सगळं ठीक असू शकतं, घोळ मधल्या वाटेवर. आणि ती वाट म्हणजे बहुतेक वेळा साटाची केबल, डिस्क मदरबोर्डला जोडणारी!

केबल बदलायची तर नवीन आणायची पण गरज पडली नाही, कारण कोणीच वापरत नसलेल्या डीव्हीडी ड्राइव्हची केबल तिथेच होती. मेन स्विच बंद, प्लग बाहेर, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलासुरला करंट घालवला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि मग आत. जुनी केबल साइड पॅनलला टेकून अगदी काटकोनात मुडपलेली, आणि तिच्या टोकाला ती लोखंडी क्लिपही नाही, बोट लावलं तरी हलत होती. मी म्हटलं आता आत हात घातलाच आहे तर मदरबोर्डवरचा पोर्टही बदलून टाकतो, धूळ काढतो, रॅम काढून बसवतो, तर तुम्ही चक्क ओरडलात! "एकच गोष्ट बदल. चार बदलल्यास आणि चाललं तर कशाने चाललं ते कळणार नाही, आणि पुन्हा बिघडलं तर परत पहिल्यापासून."

तुमचे खरे आभार या ओरडण्यासाठी आहेत ताई. नुसता कॉम्प्युटर चालू करून देणारे खूप भेटतात, पण इथे काय बिघडलं होतं ते मला पक्कं माहीत आहे.

हो, आणि सी7 पुन्हा कधी शून्य होत नाही हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत ते फार बरं केलंत, नाहीतर केबल बदलल्यावर तोच जुना आकडा बघून मी परत तुम्हाला रात्री फोन लावला असता. तो वाढतोय का एवढंच बघायचं होतं. नाही वाढलेला. 129 पण नवीन एकही नाही, हँग तर नाहीच. आईचे सगळे फोटो दोन ठिकाणी आहेत. डीव्हीडी ड्राइव्ह बिनकेबलचा बसलाय, घरात अजून कोणाच्या लक्षातही आलेलं नाही, आणि ती जुनी केबल तुम्ही सांगितल्याप्रमाणे कापून टाकली, नाहीतर आमच्याकडे अशा वस्तू "लागेल कधीतरी" म्हणून ड्रॉवरमध्ये जातात आणि बरोबर नको तेव्हा बाहेर येतात.

तुमचा,
भावाचा तो सारखे स्क्रीनशॉट पाठवणारा मित्र