आज्जीचं नाव

प्रिय बाळ्या,

आज्जी गेली हे तुला कुणाकडून तरी कळलंच असेल. मी कळवलं नाही, त्याचा राग धर, पण पत्र शेवटपर्यंत वाच. तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. बोलायला गेलं की गळा भरून येतो. बाकी घरचे बरे आहेत, आईचा गुडघा आहे तसाच आहे.

दहाव्याला आम्ही सगळे माणगंगेवर जमलो होतो. पाच लेक, चार लेकी, सुना, जावई, २७ नातवंडं. पतवंडं कुणी मोजली नाहीत. गुरुजींनी नाव विचारलं. थोरले काका म्हणाले, "लक्ष्मी." आणि माझ्या पोटात खड्डाच पडला. हे तिचं सासरचं नाव रे. लग्नात आजोबांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलेलं. पाळण्यातलं नाव वेगळं होतं. शेजारी थोरली आत्या उभी होती, तिला हळूच विचारलं. तिला माहीत नाही. काकांना नाही, धाकट्या आत्यांना नाही. तिच्या पोटची नऊ माणसं आणि एकालाही माहीत नाही, बाळ्या! कावळा शिवत नव्हता. काका हात जोडून म्हणत होते, "वाटणीवरून भांडणार नाही गं आई." मी मनात म्हणालो, आज्जे, तुझं नाव शोधून काढतो.

तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. आधारकार्डावर लक्ष्मीबाई, जन्म १ जानेवारी १९३८. ती तारीखसुद्धा लिहिणाऱ्यानं अंदाजानं घातलेली. शाळेची पायरी ती चढली नाही, त्यामुळं दाखला नाही. आटपाडीकडं तिच्या माहेरी जाऊन आलो. भाऊ सगळे गेले, आणि भाचे तिला नुसतं 'आक्का' म्हणायचे. आजोबांनी तर जन्मभर "अगं ए" करूनच हाक मारली.

आणि परवा रात्री एकदम आठवलं. तिनं ते नाव सांगितलं होतं. आपल्या दोघांना!

आपण सहावीत होतो, दिवाळीची सुट्टी होती. परड्यात ती शेंगा भाजत बसली होती आणि १९७२ च्या दुष्काळाचं सांगत होती. विहिरीत घागर बुडत नव्हती. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. धाकटे काका बाभळीला बांधलेल्या झोळीत. कामावर मिळालेली सुकडी स्वतः न खाता पदराच्या गाठीला बांधून आणायची आणि दारात पोरांना रांगेत बसवून मूठमूठ वाटायची. घरी अमेरिकेची लाल मिलो. त्या पिठाला जिगट नाही, भाकरी थापताना कडा फाटायच्या. ती बोट ओलं करून एकेक चीर सांधायची. सांगताना मोकळ्या तळहातावर बोट फिरवून दाखवलं होतं तिनं. ते बोट मला आत्ताही दिसतंय. अंगठ्याचं नख हातोडीखाली चेचलेलं, ते पुढं कधी सरळ उगवलंच नाही.

पहिल्या दिवशी मुकादमानं हजेरीपटावर घालायला नाव विचारलं. एवढ्या परक्या माणसांत ती बावरली आणि तोंडातून माहेरचंच नाव निघून गेलं. मग ते काम संपेपर्यंत तेच राहिलं. पगाराच्या दिवशी त्या नावानं पुकारा व्हायचा. "पोरांनो, तेवढं ऐकायला मी कामावर जायचे," असं म्हणाली होती ती.

आणि मी त्या वेळी तुझ्याशी भांडत होतो. तू मोठ्या शेंगा तुझ्याकडं ओढल्यास म्हणून. (ओढल्याच होत्यास. आजही माझं तेच म्हणणं आहे.) तिनं नाव सांगितलं आणि माझं लक्ष शेंगांत. एवढं मात्र पक्कं आठवतंय की नाव ऐकून तू ओरडलास, "आज्जे, हे तर आमच्या म्हशीचं नाव!" मी तुझ्या पाठीत धपाटा घातला, आणि आज्जी इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांना पदर लावला. मग आपल्या हातानं तुला अजून एक ओंजळ शेंगा दिल्या. मला नाही दिल्या. त्यावरून मी तुझ्याशी शाळा उघडेपर्यंत बोललो नव्हतो.

फोटो फ्रेमवाल्याकडं दिलाय. खाली काय लिहू म्हणून तो दोनदा विचारून गेला. भावंडं म्हणतात, कै. लक्ष्मीबाई लिही आणि मोकळा हो. मला दोन्ही नावं हवीत. वर तिचं, खाली आमच्या घराचं. इतकी वर्षं तिनं सगळ्यांना हाका मारून जेवायला बसवलं, आणि तिला तिच्या नावानं हाक मारणारं मागं कुणी उरलं नाही, हे मला सहन होत नाही रे.

तुझी नाशिकला बदली झाली म्हणे. वहिनींना घर आवडलं का? पोराचं दहावीचं वर्ष ना, त्याला उगाच धारेवर धरू नकोस. चैत्रात शिंगणापूरला येणार असलास तर आमच्याकडंच उतर.

तुला आठवत नसेल तर काकींना विचार. धार त्याच काढायच्या, त्या विसरणार नाहीत. काळी, एक शिंग खाली वळलेलं, तुमच्या चिंचेखाली बांधलेली असायची. त्या म्हशीला तुम्ही काय म्हणायचात रे?

वाट बघतो.

तुझाच,
आप्पा