गुलमर्गच्या चाचांना, आम्हाला मागे फिरवल्याबद्दल

चाचा, सलाम.

हे पत्र मराठीत लिहितेय. तुम्हाला फोनवर हिंदीत वाचून दाखवीनच, पण हिवाळ्यात काश्मीरला स्कीइंगला जाणाऱ्या आमच्याकडच्या मुलामुलींच्याही ते नजरेस पडावं असं फार वाटतं.

21 फेब्रुवारी 2024. गुलमर्गच्या रोपवेचा मधला थांबा असलेल्या कोंगडोरीच्या वर मांडीभर ताजा बर्फ आणि समोर एकही रेघ न उमटलेला उतार. नाशिकहून आम्ही चौघं वर्षभर पैसे साठवून आलो होतो. जानेवारीत गुलमर्गची कोरडी मैदानं बातम्यांत बघून जीव खालीवर होत होता. फेब्रुवारीत बर्फ पडला आणि वाटलं, आपलं नशीब उघडलं. आमचे वाटाडे असलेले तुम्ही मात्र काठी रोवून थांबलात. "बस बेटा, यहाँ से आगे नहीं."

मी चिडले. एवढ्या लांबून आलोय, पैसे मोजलेत, असंही बोलून गेले. त्याची आजही लाज वाटते. तुम्ही उलट उत्तर दिलं नाहीत. जवळच्या एका छोट्या, सुरक्षित चढावर नेलंत, पाठीवरचं फावडं काढलंत आणि खणायला लागलात. छातीइतका खड्डा झाल्यावर त्याच्या भिंतीत बर्फाचा एक चौकोनी खांब कापून मोकळा केलात, त्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवलंत आणि बोटांनी हलकेच थापट्या मारू लागलात. तिसऱ्या थापटीला वरचा सगळा ठोकळा, सुरीवरून खरवसाची वडी घसरावी तसा, अलगद माझ्या गुडघ्यांवर आला.

मग तळाचा बर्फ माझ्या हातमोज्यावर ठेवून म्हणालात, लाडू वळून दाखव. वळेचना. जाड्या साखरेसारखे दाणे बोटांतून गळून गेले. तुम्ही समजावलंत: चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मिरी हिवाळ्यातल्या सर्वांत कडक थंडीचे, चाळीस दिवस जवळजवळ कोरडे गेले. जमिनीवर थोडाच बर्फ, त्याच्या खाली जमिनीची ऊब आणि वर कडाक्याच्या रात्री. अशा पातळ थरातून वाफ वर सरकत राहते आणि दाण्यांची एकमेकांवरची पकड सुटते. त्या भुसभुशीत पायावर दोन-तीन दिवसांत भरपूर बर्फ येऊन बसला. उतार 30 ते 45 अंशांचा असला की एका माणसाच्या वजनानेही तो सगळा सुटू शकतो. ज्याला आम्ही नशीब म्हणत होतो, तेच ओझं त्या उतारावर बसलं होतं.

खाली येताना तुम्ही एकदा हात वर करून सगळ्यांना थांबवलंत. पायाखालून "धप्प" असा दबका आवाज आला होता. आतला थर बसल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

दुसऱ्या दिवशी, 22 फेब्रुवारीला, गुलमर्गजवळच्या खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलन झालं. एका रशियन स्कीअरचा जीव गेला, बाकीच्यांना बचाव पथकांनी बाहेर काढलं. आम्ही हॉटेलात चहा घेत होतो. माझ्या हातातला कप खाली ठेवता येईना.

त्या संध्याकाळी तुम्ही आम्हाला अंगणात बोलावलंत. एक बीकन, म्हणजे गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा कळावा म्हणून अंगावर बाळगायचं संदेश देणारं यंत्र, बर्फात पुरून घड्याळ लावलंत आणि शोधायला सांगितलंत. पहिल्या खेपेला आम्हाला वीस मिनिटं लागली. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर आशा असते, पुढे ती झपाट्याने कमी होत जाते, हे तुम्ही आधी सांगितलं नव्हतंत. खणून झाल्यावर सांगितलंत. मग अंधार पडेपर्यंत आम्ही पुन्हापुन्हा खणत राहिलो.

माझी आई देवापुढे दिवा लावताना तुमचंही नाव घेते. तुम्हाला तिने पाहिलेलं नाही.

चाचा, त्या दिवशीची मजुरी तुम्ही अर्धीच घेतलीत, "ऊपर तो गए ही नहीं" म्हणून. ती उरलेली अर्धी मी वेगळी काढून ठेवली आहे, आणि या वेळी नाही म्हणू नका. पुढच्या चिल्लई कलानात फोन करेन. किती बर्फ पडला हे नंतर सांगा. आधी सांगा, पहिला बर्फ कधी पडला आणि त्यानंतर किती दिवस कोरडे गेले.

तुमची,
नाशिकची बेटी